कोटेशनमधल्या ‘पर्मिएबल पेव्हिंग’चा नेमका अर्थ काय?

सहकारनगरवाली

नमस्कार. पुण्यात सहकारनगर भागातल्या एका जुन्या सोसायटीची मी सचिव आहे. अठरा बिऱ्हाडं आहेत, इमारत १९८४ची. पुढचं अंगण साधारण २२०० चौरस फुटांचं, अजून मुरमाचंच आहे. पावसाळ्यात गाड्यांची चाकं रुततात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन गेटपर्यंत जाऊ शकत नाहीत. त्यामुळे अंगण पक्कं करायचं यावर सर्वसाधारण सभेत एकमत झालं. कसं करायचं, तिथे गाडं अडलंय.

पहिला प्रस्ताव ट्रिमिक्सचा, म्हणजे पाणी न मुरू देणाऱ्या घट्ट काँक्रीटचा होता. मी त्याला विरोध केला. आंबिल ओढा आमच्यापासून लांब नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला जो लोंढा आला तो आम्ही गच्चीतून पाहिला. खाली माणसं ओरडत होती आणि आम्हाला खाली उतरता येत नव्हतं. तेव्हापासून आमच्या आवारातलं पाणी जेवढं आवारातच मुरेल तेवढं मुरावं, असं मला मनापासून वाटतं. दुसरं कारण बोअरचं. मार्चअखेर त्याचं पाणी जातं आणि टँकर सुरू होतात.

आता दुसऱ्या एका ठेकेदाराचं कोटेशन आलंय. त्यातली ओळ जशीच्या तशी देते: ‘इको-फ्रेंडली पर्मिएबल पेव्हिंग, ६० एमएम, विथ पीसीसी बेड अँड सँड फिलिंग.’ आणि खाली: ‘पार्किंग एरिया – ग्रास पेव्हर.’ त्यांना अर्थ विचारला, तर म्हणाले, “मॅडम, गट्टूच असतात, पण इको.” कोशात ‘पारगम्य’ असा शब्द मिळाला. तो सभेत वाचून दाखवला, पण कुणालाच काही बोध झाला नाही.

हे नेमकं काय असतं? साध्या पेव्हर ब्लॉकपेक्षा वेगळं काय? मला पुढच्या रविवारी सभेत उभं राहून सांगायचंय.

---

पाषाणभेद

मी भूगोल शिकवते, त्यामुळे शब्दांपुरतं सांगते. कामाचं कुणीतरी अनुभवी माणूस सांगेल.

इंग्रजीत तीन शब्द जवळजवळ वावरतात आणि कोटेशनमध्ये कुठलाही कुठेही लिहिला जातो. ‘पर्मिएबल’ पेव्हिंगमध्ये ब्लॉक स्वतः घट्टच असतो. पाणी जातं ते दोन ब्लॉकांमधल्या रुंद सांध्यांतून. ‘पर्व्हियस’ काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ नसते. खडीला सिमेंटचा पातळ लेप देऊन ती एकमेकींना चिकटवलेली असते, चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखी, आणि मधल्या फटींतून पाणी थेट काँक्रीटमधूनच खाली जातं. ‘पोरस’ हा शब्द बहुतेक वेळा तशाच प्रकारच्या डांबरी थरासाठी वापरतात.

‘सच्छिद्र’ आणि ‘पारगम्य’ यांतला फरक मात्र आपल्या पायाखालच्या दगडातच आहे. आपल्या काळ्या दगडाचे काही थर भोकाभोकांचे असतात. लाव्हा थिजताना त्यातले वायू बाहेर पडले, त्यांची ती भोकं. असा दगड सच्छिद्र खरा, पण भोकं एकमेकांना जोडलेली नसली, किंवा नंतर खनिजांनी भरून गेली, तर त्यातून पाणी पुढे सरकत नाही. म्हणजे छिद्रं असूनही तो पारगम्य नाही. तुमच्या सभेत ‘पारगम्य’ म्हणूच नका. ‘पाझर फरशी’ म्हणा. पाझर तलाव सगळ्यांना माहीत आहेत, बहात्तरच्या दुष्काळात कामं केलेली पिढी तुमच्या सोसायटीतही असेल. पाणी अडवायचं ते साठवून वापरायला नाही, जमिनीत जिरवायला, हा अर्थ त्या शब्दात आपसूक येतो.

---

मुरूमवाला

ताई, एकोणीस वर्षं साइटवर सुपरवायझर आहे. त्यातली शेवटची आठ वर्षं बागा, पायवाटा आणि पार्किंगची कामं. तुमच्या कोटेशनच्या त्या एका ओळीतच घोळ आहे. ‘पर्मिएबल’ आणि ‘पीसीसी बेड’ एकत्र नांदत नाहीत. पीसीसी म्हणजे खाली काँक्रीटचा थर. सांध्यांतून पाणी गेलं तरी चार इंचांवर त्याला काँक्रीट आडवं येणार. मग ते तिथेच तुंबणार, वाळू वाहून नेणार, आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक डुगडुगायला लागणार. त्या ओळीतलं ‘सँड फिलिंग’सुद्धा चूक. बारीक वाळूने सांधे बुजवले की पाणी जायची वाट जवळजवळ बंद. साध्या गट्टूच्या कामात सांधा दोन-चार मिलिमीटरचा असतो आणि त्यात मुद्दाम बारीक वाळू भरतात, कारण तिथे ब्लॉक एकमेकांत घट्ट बसावेत एवढंच पाहायचं असतं. म्हणजे तुम्हाला साधं गट्टूकाम ‘पर्मिएबल’ नावाने दिलंय.

‘पर्मिएबल’ हे विशेषण ब्लॉकला लागत नाही, खालच्या मातीपर्यंतच्या सगळ्या कामाला लागतं. हे एक वाक्य सभेत सांगितलंत तरी पुष्कळ झालं.

आता खरं काम कसं असतं ते वरून खाली सांगतो. वर ब्लॉक. गाड्या येणार असतील तर ८० एमएम घ्या, ६० पायवाटेला ठीक. ब्लॉकच्या बाजूंना छोटे उंचवटे असतात, त्यामुळे दोन ब्लॉकांत आठ-दहा मिलिमीटरची फट आपोआप राहते. फटीत धुतलेली बारीक खडी भरायची, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. ब्लॉकखाली दोन इंच ६ ते १० एमएमची खडी. त्याखाली चार इंच २० एमएम मेटल, म्हणजे फोडलेली मोठी खडी. त्याखाली आठ इंच ४० ते ६० एमएमचं जाड मेटल. या सगळ्यात डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, नको, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नको, मुरूम तर अजिबात नको. मोठ्या खडीच्या मोकळ्या फटी हीच तुमची टाकी. कडेने माती आत येऊ नये म्हणून बाजूंना जिओटेक्स्टाईल, म्हणजे कापडासारखं असतं ते, उभं लावायचं.

त्या टाकीत किती मावतं याचा हिशोब सभेत उपयोगी पडेल. डस्ट नसलेल्या खडीत साधारण ४० टक्के जागा मोकळी असते. तुमचे २२०० चौरस फूट म्हणजे सुमारे २०४ चौरस मीटर. खालचे दोन जाड थर मिळून बारा इंच, म्हणजे ३०० मिलिमीटर. त्यात १२० मिलिमीटर पाऊस मावतो, लिटरमध्ये चोवीस हजारांच्या वर. एखाद्या सांजेला वळवाचा ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या अंगणावर दहा हजार लिटर पडतात, एका मोठ्या टँकरएवढे. ट्रिमिक्स केलंत तर त्यातले बहुतेक गेटबाहेर रस्त्यावर आणि तिथून ओढ्यात. खडीच्या थरात ते थांबतात आणि सावकाश खाली जिरतात. वरच्या गच्चीचं पाणी याच अंगणात उतरवणार असाल तर हिशोब वाढवावा लागेल, ते आत्ताच ठरवा.

‘इको’ या शब्दाचं काय? पुष्कळ कारखाने ब्लॉकमध्ये फ्लाय ॲश घालतात, औष्णिक वीजकेंद्रातली राख. सिमेंट कमी लागतं, राख सत्कारणी लागते, म्हणून त्याला ‘इको पेव्हर’ म्हणतात. चांगलीच गोष्ट आहे, मीही वापरतो. पण राख घातली म्हणून ब्लॉक पाझरायला लागत नाही. ठेकेदार खोटं बोलत असेलच असं नाही, त्याच्या डोक्यात ‘इको’ म्हणजे राखेचा ब्लॉक असेल.

सगळ्यात आधी मात्र खड्डा खणा. अंगणात दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल, फूटभर लांबरुंद. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळेला घड्याळ लावून तासाभरात किती इंच उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला अर्धा इंच किंवा जास्त उतरत असेल तर सगळं पाणी जमिनीत सोडता येतं. त्याहून कमी असेल, विशेषतः काळी चिकण माती लागली, तर खडीच्या तळाशी भोकांचा पाइप टाकून जास्तीचं पाणी शोषखड्ड्याकडे किंवा गटाराकडे काढावं लागतं. काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. इमारतीच्या जोत्यापासून दहा फुटांच्या आत पाणी जिरवू नका. तेवढ्या पट्ट्यात खाली जाड शीट घालून ढाळ बाहेर द्या.

ग्रास पेव्हरबद्दल रात्री लिहितो, आत्ता साइटवर खडी उतरतेय.

---

मुरूमवाला

ग्रास पेव्हर म्हणजे जाळीचा ब्लॉक, काँक्रीटचा किंवा प्लॅस्टिकचा. जाळीच्या पोकळीत माती आणि गवत. ‘ग्रासक्रीट’ असंही लिहिलेलं दिसेल, ते मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या उत्पादनाचं नाव आहे, लोक आता कुठल्याही जाळीला ते लावतात. पाणी चांगलं जिरतं, उन्हाळ्यात अंगण तापत नाही. पण जिथे गाडी रोज रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत उभी असते, आणि रविवारी तर दिवसभर, तिथे गवताला ऊन मिळत नाही. काँक्रीटच्या जाळीत माती थोडी, ती लवकर सुकते, म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालायला हवं, आणि तुमच्याकडे तेव्हाच टँकर. वर्षभरात पोकळीत गवताऐवजी घट्ट माती उरलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. पाहुण्यांची गाडी कधीमधी लागते अशा कोपऱ्यात जरूर करा, आणि लॉनचं विकतचं गवत न लावता हरळी लावा. हरळी तुडवलेली सोसते आणि पावसाशिवायही तग धरते. रोजच्या पार्किंगला त्याच जाळीत खडी भरा, गवत नको. आजींच्या वाटेवर मात्र जाळी नकोच, वॉकरचा पाय अडकेल. तिथे सपाट ब्लॉक आणि सांधे खडीने काठोकाठ भरलेले.

---

दोन_पावसाळे

मुरूमवाला यांनी सांगितलेलं सगळं आमच्याकडे नीट झालं होतं. तरीही काम वाया गेलं, ते का गेलं हे लिहायला हवं.

पहिल्या पावसाळ्यात थेंबभर पाणी साचलं नाही. नंतर समोरच्या विंगेत प्लास्टरचं काम निघालं आणि वाळू, सिमेंट सगळं याच अंगणात ओतलं गेलं. काम संपल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी नळी लावून अंगण ‘स्वच्छ’ धुतलं. सगळा गाळ सांध्यांत उतरला. मी ऑफिसात होते, संध्याकाळी येऊन पाहिलं तर फटी राखाडी रंगाने लिंपलेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी. अजून वाईट वाटतं, कारण मीच सगळ्यांना पटवून पैसे काढायला लावले होते.

शेवटी सांध्यांतली वरची पाऊण-एक इंच खडी उकरून काढली आणि नवी धुतलेली भरली. मी शनिवार-रविवार स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसत होते, शेजारची दोन मुलं मदतीला यायची. खाली गाळ फार गेला नव्हता, त्यामुळे पाणी पुन्हा जिरायला लागलं. आता वॉचमनच्या खोलीबाहेर मराठी-हिंदीत पाटी लावली आहे: इथे वाळू, सिमेंट, माती टाकू नये, अंगण पाण्याने धुऊ नये, फक्त झाडावं. मे महिन्यात पानगळीचा पालापाचोळा आणि धूळ काढायला व्हॅक्यूम मशीन भाड्याने आणतो. हा खर्च दरवर्षी येतो, तो आधीच सभेत सांगा.

---

श्टुटगार्टचा_मराठी

मी जर्मनीत राहतो. इथे हा विषय पाण्याच्या बिलात भेटतो, म्हणून लिहितोय. इथे सांडपाण्याचं शुल्क दोन भागांत असतं. एक भाग घरातल्या वापराच्या पाण्याचा. दुसरा भाग पावसाच्या पाण्याचा, आणि तो तुमच्या आवारातली किती जमीन बंद करून टाकली आहे त्यावर चौरस मीटरच्या हिशोबाने लागतो. छप्पर, डांबर आणि काँक्रीट सगळ्यांत महाग. रुंद सांध्यांचे ब्लॉक आणि गवताची जाळी, तिला इथे ‘राझनगिटरश्टाइन’ म्हणतात, यांचं क्षेत्र अंशतःच धरतात. पूर्ण माफी मात्र त्यांनाही नाही, कारण जोराच्या पावसात थोडं पाणी वाहून जातंच. घर घेतलं तेव्हा पालिकेकडून आवाराचा नकाशा आणि एक फॉर्म आला होता, प्रत्येक तुकड्यावर काय अंथरलंय ते भरून द्यायचं होतं. मी आणि बायको टेप घेऊन अंगण मोजत होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नाशिकच्या आमच्या वाड्यातलं शेणाने सारवलेलं अंगण आजोबांनी फरशी घालून कधीच का बंद केलं नाही. ‘तुळशीला आणि विहिरीला दोघींना पाणी पोचायला हवं’ असं ते म्हणायचे. मला ते तेव्हा देवाधर्माचं बोलणं वाटायचं.

---

सहकारनगरवाली

सगळ्यांचे खूप आभार. ‘पाझर फरशी’ हा शब्द लगेच रुजला. काल आमच्या वॉचमनकाकांनीच तो वापरला.

खड्डे खणले, तीन. कडुनिंबाजवळ आणि मधोमध दीड फुटांवर पक्का मुरूम लागला. दुसऱ्यांदा भरल्यावर तासाभरात कडुनिंबाजवळ साडेचार इंच आणि मधोमध चार इंच उतरलं. गेटजवळ मात्र काळी माती निघाली. जुने रहिवासी म्हणतात, ड्रेनेजची लाइन टाकली तेव्हा तिथे बाहेरून भराव आणला होता. तिथे तासात पाव इंचही उतरलं नाही. पट्टी धरून मी आणि आठवीतली एक मुलगी बसलो होतो. सभेत हे आकडे तीच सांगणार आहे, तिने तक्ता केलाय.

ठेकेदाराला फोन केला. पीसीसीचं विचारल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले की सगळे तसंच मागतात म्हणून ती ओळ आपोआप पडते. पीसीसी काढून नवं कोटेशन द्यायला तयार आहेत. नवी ओळ मी अशी लिहिली आहे, चुकलं असेल तर सांगा: ‘८० एमएम ब्लॉक, सांधा ८ ते १० एमएम, सांध्यात धुतलेली बारीक खडी, वाळू नाही. खाली २ इंच ६–१० एमएम, ४ इंच २० एमएम, ८ इंच ४०–६० एमएम, सर्व डस्टविरहित. पीसीसी नाही. गेटजवळच्या पट्ट्यात तळाशी भोकांचा पाइप. जोत्यापासून १० फूट शीट आणि बाहेर ढाळ.’

एक प्रश्न राहिला. कडुनिंब जवळपास चाळीस वर्षांचा आहे. त्याच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक न्यायचे का? काही सभासदांना तिथला पालापाचोळा नकोसा वाटतो.

---

मुरूमवाला

ओळ बरोबर आहे. दोन गोष्टी घाला. कडेने कर्बस्टोन काँक्रीटमध्ये पक्का बसवायचा, नाहीतर मोकळ्या खडीवरचे ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. आणि खणलेला तळ सपाट ठेवायचा, त्यावर रोलर किंवा धुम्मस जोरात चालवायचं नाही. साध्या कामाची सवय असलेली माणसं तळ ठोकून ठोकून घट्ट करतात आणि तासाला चार इंच पाणी जिरवणारा तुमचा मुरूम अर्ध्या इंचावर येतो. खडीचे थर मात्र नीट दाबून घ्यायचे.

कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत काहीच नेऊ नका. चारही बाजूंनी किमान एक मीटर माती उघडी ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, तो दाखला सभेत द्या. चाळीस वर्षांच्या झाडाला एक मीटरही कमीच. त्याच्या मुळांच्या भागात चौदा इंच खणूही नका, मनगटाएवढी मुळं तुटतील. तिथे वरची माती थोडी सैल करून पालापाचोळा तसाच राहू द्या, कडेने विटांची एक ओळ लावा म्हणजे पानं ब्लॉकांवर येणार नाहीत.

नळाची, केबलची काही खोदाई राहिली असेल तर ती आधी उरकून घ्या. आणि खडीचा पहिला ट्रक आला की उतरवून घेण्याआधी दोन मुठी खडी स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकून ढवळा. पाणी चहासारखं गढूळ झालं तर ट्रक परत पाठवा, आणि ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा की तुम्ही बादली घेऊन गेटवर उभ्या असाल.